जाधव म्हणजे कोणते जाधव?

आपल्या भागात नवा माणूस भेटला म्हणजे पहिला प्रश्न गावाचा होतो आणि दुसरा आडनावाचा. समोरच्याने 'जाधव' असे उत्तर दिले, तर बहुधा तिसराही प्रश्न येतो : "जाधव म्हणजे कोणते जाधव?" विचारणारा तो सहज विचारतो. ज्याला विचारला जातो त्याला मात्र त्यात अनेक प्रश्न ऐकू येतात. तुमची जात कोणती? घराणे मोठे की साधे? तुम्हाला ओसरीवर बसवावे की आत घ्यावे? भाड्याने खोली द्यावी की न द्यावी?

मजुरांच्या संघटनेचे काम करताना या प्रश्नाशी आमची पुष्कळ वेळा गाठ पडली आहे. एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हंगामी मजुरांच्या हजेरीपटावर चार जाधव होते. एक मराठा, एक बंजारा, एक बौद्ध आणि एक कैकाडी. हजेरी लिहिणाऱ्याने ओळखीसाठी म्हणून चौघांच्या नावापुढे पेन्सिलीने निरनिराळ्या खुणा केल्या होत्या. पुढे धुळीतले काम कोणाला आणि सावलीतले कोणाला, हेही त्या खुणांवरूनच ठरू लागले. मजुरीवाढीची मागणी लिहिण्याची वेळ आली तेव्हा एकाच आडनावाचे चार गडी एकाच कागदावर सही करायला कचरत होते. संघटनेने त्या खुणा पुसायला लावल्या आणि कामाच्या पाळ्या क्रमाने लावून घेतल्या. पण खूण कागदावरून पुसली म्हणून डोक्यातून जात नाही. ती जायची तर या आडनावाचा इतिहास काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

हा विचार आपल्या जिल्ह्यात व्हावा हे योग्यच आहे. आपण घाटाखालची माणसे. परंतु आपल्याच जिल्ह्यात घाटावर सिंदखेडराजा आहे. लखुजी जाधवांचे ते गाव. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी तेथेच झाला, असे मानले जाते.

शब्दाची वाट

प्रथम शब्द पाहू. 'जाधव' हा 'यादव' या शब्दापासून आला, याविषयी विद्वानांत वाद नाही. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो, हा नियम आपण रोज पाळतो. यात्रेची जत्रा होते, यवाचा जव होतो, युगाचे जुग होते. त्याच वाटेने यादवाचा जादव झाला आणि पुढे 'द'चा 'ध' झाला. गुजरातेत आजही हे आडनाव 'जादव' असेच लिहितात. शब्दाचा अर्थ इतकाच, की यदूच्या वंशातला.

परंतु शब्द कोठून आला हे कळले म्हणजे तो शब्द लावणारा माणूस कोठून आला हे कळत नाही. पाटील आडनावाचा प्रत्येक जण गावचा पाटील नसतो आणि कुलकर्णी आडनावाचा मनुष्य आज गिरणीत फिटर असतो. महाराष्ट्रातील आडनावांची यादी घेऊन बसावे तर मोठी मौज दिसते. कदंबांवरून कदम, चालुक्यांवरून साळुंखे, शिलाहारांवरून शेलार, परमारांवरून पवार, चाहमानांवरून चव्हाण आणि मौर्यांवरून मोरे, अशा जोड्या अभ्यासकांनी लावून दिल्या आहेत. त्यांतल्या काही पक्क्या, काही डळमळीत. पण सगळ्याच खऱ्या मानल्या तर एक प्रश्न उरतोच. एके काळी या देशात राजेच राजे होते आणि नांगर धरायला कोणी नव्हते की काय? गावच्या मतदारयादीत निम्म्या राजवंशांची नावे सापडतात, आणि ती लावणारी माणसे पहाटे उठून कापूस वेचायला जातात. याचा उलगडा निव्वळ रक्ताच्या नात्याने होणार नाही.

यादव तरी मूळचे कोठले?

आता ज्यांच्यापर्यंत जाधवांची वंशावळ नेली जाते, ते देवगिरीचे यादव पाहू. नाशिक-सिन्नर-संगमनेरच्या टापूत नवव्या शतकाच्या सुमारास हे घराणे उदयाला आले. दृढप्रहार हा त्यांचा मूळ पुरुष. त्याच्या मुलाचे नाव सेऊणचंद्र. त्याच्यावरून त्या मुलखाला सेऊणदेश म्हणू लागले. हे लोक आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने स्वतंत्र राज्य उभे केले आणि देवगिरी ही राजधानी झाली. रामचंद्रदेव यादवाच्या काळात, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली.

हे यादव स्वतःला श्रीकृष्णाच्या वंशातले म्हणवीत. यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी' या आपल्या ग्रंथाच्या व्रतखंडात घराण्याची प्रशस्ती दिली आहे. हे कुळ आधी मथुरेचे, मग द्वारकेचे, आणि तेथून दृढप्रहार दक्षिणेत आला, असे ती सांगते. यादव राजे ताम्रपटांत 'द्वारावतीपुरवराधीश्वर', म्हणजे द्वारकानगरीचे स्वामी, ही पदवी लावीत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तेव्हा हेमाद्रीच्या या प्रशस्तीचा मोठा उपयोग केला.

पण प्रशस्ती लिहिणारा हा राजाच्या पदरचा मनुष्य असतो, हे विसरून चालत नाही. मालकाच्या वाढदिवसाच्या पत्रकात मालकाचे वर्णन जसे असायचे तसेच असते. राजांची नावे, लढाया, दाने यांसाठी प्रशस्तीचा आधार ताम्रपटांशी ताडून घेता येतो. मथुरेच्या बाबतीत तसा ताळा घेता येत नाही. शिवाय द्वारकेची तीच पदवी आणि तोच यदुवंश दक्षिणेतील होयसळ राजेही सांगत. म्हणजे यादव आणि होयसळ एकमेकांशी लढत होते आणि दोघेही आपण कृष्णाच्या घरचे म्हणवीत होते.

या घराण्याचे काही लेख कानडीत आहेत आणि धाडियप्प, राजुगी यांसारखी आरंभीच्या पुरुषांची नावेही कानडी वळणाची आहेत. त्यावरून हे घराणे मुळात कर्नाटकाशी जोडलेले होते, असे श्रीनिवास रित्ती यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. उलट पक्ष म्हणतो, की धनी कानडी दरबाराचे असताना मांडलिकाने त्या दरबाराची भाषा आणि नावे उचलली तर नवल नाही. त्यांचा पहिला मुलूख तर नाशिक-नगरचा. तिसरा एक विचार गवळ्यांचा व अभीरांचा आहे. अभीर राजा ईश्वरसेन याचा तिसऱ्या शतकातला लेख नाशिकच्या लेण्यांत आहे, आणि पशुपालकांचे राज्य या भागात होते हे त्यावरून दिसते. आपल्याकडे तर जुने बांधकाम दिसले की जुनी माणसे ते 'गवळीराजाचे' म्हणून मोकळी होतात. सातपुड्यातील गाविलगडाचे नावही परंपरेने गवळ्यांशी जोडले जाते. पण लोकांच्या आठवणीला साल नसते, म्हणून या मताचाही शेवटचा दुवा हाती लागत नाही.

एवढ्यावरून एक गोष्ट निश्चित होते. ज्या राजवंशाला जाधवांचा मूळ खांब समजतात, त्या खांबाचा पायाच वादात आहे.

देवगिरी ते सिंदखेड

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर घाला घातला. रामचंद्रदेवानंतर शंकरदेव मारला गेला आणि १३१८ च्या सुमारास हरपाळदेवालाही ठार करण्यात आले. यादवांचे राज्य तेथे संपले. यानंतर जाधव हे नाव इतिहासाच्या उजेडात ठळकपणे येते ते सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या रूपाने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, निजामशाहीच्या चाकरीत. मधली वर्षे अडीचशेहून अधिक. एका पिढीला पंचवीस वर्षे धरली तर दहा पिढ्या झाल्या.

त्या दहा पिढ्यांची नावे घराण्याच्या वंशावळीत मिळतात. पण वंशावळ हे बहुधा वतनाच्या तंट्याच्या वेळी किंवा मानाच्या प्रसंगी तयार झालेले कागद. त्यातील प्रत्येक नावाला त्या त्या काळचा लेख, सनद किंवा निवाडा मिळाला तरच ते नाव पक्के, हा इतिहासाचा साधा हिशेब आहे. वहीत जमा लिहिली म्हणून भागत नाही, पावती लागते.

याचा अर्थ सिंदखेडकरांनी ही गोष्ट उगाच रचली असा आम्ही मुळीच करीत नाही. शिवकालीन कवी परमानंद याच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात लखुजींचा उल्लेख 'यादवराज' असा आहे. म्हणजे सतराव्या शतकात, शिवाजी महाराजांच्या दरबारी, हे नाते मान्य होते. ते खोटे ठरविणारा पुरावाही कोणाजवळ नाही. दावा जुना आहे, मानाचा आहे, शक्य कोटीतला आहे. पण जुना दावा आणि सिद्ध झालेला दावा यांत अंतर असते.

कुळाचे नाते माणसांना किती बांधून ठेवी, तेही याच घराण्यात पाहावे. लखुजी निजामशाहीतून मोगलांकडे गेले आणि पुन्हा निजामशाहीकडे आले. १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाने त्यांचा, त्यांच्या दोन पुत्रांचा आणि एका नातवाचा घात केला. दौलताबाद म्हणजेच जुनी देवगिरी. ज्या गडावर यादवांचे राज्य होते त्याच गडावर जाधवरावाचे रक्त सांडले, आणि आडनावाने त्यांना वाचविले नाही. पुढे याच नावाचे धनाजी जाधव राजाराम महाराजांचे सेनापती झाले आणि मोगलांशी झुंजले. त्यांचे पुत्र चंद्रसेन मात्र निजामाला जाऊन मिळाले. बापाचे नाव एक, कुळ एक, आणि वाटा दोन. तेव्हा आडनावावरून माणसाची निष्ठा ओळखू पाहणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण लक्षात ठेवले तरी पुरे.

नाव पसरले कसे?

आता आमच्या हजेरीपटावरच्या इतर तीन जाधवांकडे वळू. बंजारा समाजात राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही मोठी कुळे आहेत. त्यांच्या बोलीत यांतल्या जाधवांचे मूळ नाव 'वडतिया'. महाराष्ट्रात आलेले वडतिया जाधव लिहू लागले. तेलंगणात त्याच कुळाची माणसे 'वडत्या' असे लिहितात. एकाच तांड्याचे सोयरे सीमेच्या दोन बाजूंना राहिले तर आडनाव बदलते, आणि सरकारी वर्गही बदलतो. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतात. रक्त तेच, शिक्का निराळा.

पश्चिम महाराष्ट्रातील रामोशी समाजात तर चव्हाण आणि जाधव या दोनच मोठ्या शाखा मानतात. बौद्ध, कैकाडी, वडार, धनगर, माळी, कोळी या सर्वांत जाधव आहेत. हे कसे झाले? वाटा तीन दिसतात. पहिली वाट वंशाची. काही घरे खरोखरच एका जुन्या घराण्याच्या फांद्या असतील. दुसरी चाकरीची; ज्या सरदाराच्या पागेत, गडावर किंवा जमिनीवर काम केले, त्याचे नाव लोक सांगू लागले, आणि पुढच्या पिढीला ते आपलेच वाटले. तिसरी वाट नोंदीची. पूर्वी गावात 'रामा, बापाचे नाव गोविंदा' एवढ्यावर भागत असे. पुढे पलटणीची भरती आली, शाळेचा दाखला आला, कारखान्याचा हजेरीपट आला, आणि प्रत्येकाला आडनावाचा रकाना भरावा लागला. कोणी कुळाचे नाव सांगितले, कोणी गावाचे, कोणी मास्तरांनी लिहिले तेच पत्करले. डॉ. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. आंबडवे या गावावरून ते आंबडवेकर झाले आणि शाळेत आंबेडकर लागले, हे सर्वांना ठाऊक आहे.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखात कुळाला 'क्लॅन' म्हणतात. गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'लेकरे'. पण त्या लेकरांत नायकाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली, रक्ताचा संबंध नसलेली कितीतरी कुटुंबे होती. त्यांनी नायकाचे नाव घेतले. उलटही घडले. १६०३ साली मॅकग्रेगर हे नाव लावण्यावरच राजाने बंदी घातली. मधला काही काळ सोडला तर ती १७७४ पर्यंत टिकली. जीव वाचविण्यासाठी त्या कुळाच्या लोकांनी कॅम्पबेल, ग्रँट, मरे अशी शेजारच्या कुळांची नावे घेतली. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय हा मॅकग्रेगर; त्यानेही आईकडचे कॅम्पबेल हे नाव लावले होते. आज एखादा कॅम्पबेल आपल्या वंशाचा अभिमान सांगत असेल आणि मुळात तो मॅकग्रेगर असेल, तर कोण ओळखणार? माणसे नाव आश्रयासाठी घेतात, मानासाठी घेतात, भीतीपोटीही घेतात.

आपल्याकडील जुन्या माणसांना हे कळत होते, असे आम्हाला वाटते. म्हणूनच सोयरिकीच्या वेळी ती केवळ आडनावावर थांबत नसत, देवक विचारीत. देवक म्हणजे लग्नात पुजले जाणारे कुळाचे चिन्ह, एखादे झाड, पालवी, पीस. देवक एक निघाले तर आडनावे वेगळी असूनही लग्न होत नाही. शहाण्णव कुळींच्या ज्या याद्या छापलेल्या मिळतात, त्याही एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत असलेले कुळ दुसरीत नसते. कुळ आणि आडनाव या दोन वस्तू आहेत, हे यावरून उघड आहे.

एक हजार चोवीसांतला एक

आता साधे गणित करू. प्रत्येकाला आईबाप दोन, आजे-आज्या चार, त्यांच्या मागे आठ. असे दहा पिढ्या मागे गेले की संख्या १०२४ होते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडे असल्याने काही माणसे दोनदा मोजली जातील. तरी शेकडो पूर्वज उरतीलच. आडनाव त्यांतल्या फक्त एकाची आठवण ठेवते. बाकीच्या साऱ्यांचे श्रम, आजार, शहाणपण आपल्या अंगात आहे, पण रकान्यात त्यांना जागा नाही. आणि त्यांतल्या निम्म्या तर बायाच.

जिजाऊंचेच पाहा. जाधवांची ही लेक भोसल्यांच्या घरी गेली. आडनावाच्या हिशेबाने शिवाजी महाराज केवळ भोसले; पण त्यांना घडविण्यात सिंदखेडच्या लेकीचा वाटा किती, हे या जिल्ह्याला सांगायला नको. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणे सक्तीचे केले. ही उशिरा झालेली दुरुस्ती आहे, पण योग्य दिशेने झालेली आहे.

मग उत्तर काय द्यावे?

"जाधव म्हणजे कोणते जाधव?" या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शब्द यादवांचा, हे निश्चित. यादवांचे मूळ गाव कोणते, हे वादात. देवगिरीचे यादव आणि सिंदखेडचे जाधव यांचा दुवा जुन्या परंपरेचा, पण मधल्या कागदांवाचून अधांतरी. आणि आज जे लाखो लोक हे नाव लावतात, त्यांचे एक रक्त आहे असे म्हणायला काही आधार नाही; तसेच त्यांतल्या एकाचे नाव खरे आणि दुसऱ्याचे उसने, असे म्हणायलाही आधार नाही. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारतासाठी पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव आणि 'आमचा बाप आन् आम्ही' लिहिणारे डॉ. नरेंद्र जाधव, या दोघांनीही हे नाव मोठे केले आहे. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती.

व्यवहारातही हेच खरे ठरते. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांचा आपल्या राज्यात २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. तेथे नुसते आडनाव पुरावा होत नाही. जुनी नोंद लागते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचे हक्कपत्रक. आडनावावर विसंबून बसलेल्या मुलांचे प्रवेश नक्कल नसल्यामुळे अडलेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून मजूर भावांना आमचे नेहमी एकच सांगणे असते, की वंशाच्या गप्पा रात्री जेवण झाल्यावर मारा, पण आजोबांच्या नावाची नक्कल आधी तहसिलातून काढून ठेवा. आणि ती आणलीत, की मागच्या कोऱ्या बाजूवर आजीचे नाव आणि तिचे माहेरचे गाव लिहून ठेवा. ते विचारायला आज घरात कोणी म्हातारे माणूस असेल. पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

राहिला तो तिसरा प्रश्न. नवा शेजारी जाधव आहे असे कळल्यावर त्याला पुढे काही विचारायचेच असेल, तर पोरे कोणत्या शाळेत घातली, पाणी किती दिवसांआड येते, कामाला कोठे जाता, हे विचारावे. यांची उत्तरे त्याला येतात, आणि ती आपल्याही उपयोगाची असतात.